ग्लेंडाची वाक्यं

"वाच ना, क्लाइव्ह! मोठ्यानं वाच! शाळाशाळांतून स्वतःचं पुस्तक वाचून दाखवतोस ना? मग बहिणीला आलेलं एक पत्र वाचताना आवाज का बसला तुझा?"

रविवारचं जेवण टेबलावर वाफाळत होतं. भाजलेलं मांस, बटाटे, वाटाणे, क्लाइव्हला आवडतं म्हणून मुद्दाम केलेलं यॉर्कशायर पुडिंग... आणि ग्लेंडा ओडलिंग अजून उभीच होती. एकसष्ट वर्षांची, बुटकी, रुंद हाडाची, ॲप्रनची गाठ अजून पाठीशी तशीच. समोर तिचा दहा वर्षांनी धाकटा भाऊ क्लाइव्ह आणि त्याच्या शेजारी त्याची बायको फिलिपा. दर रविवारी ही दोघं गाडी काढून ग्रिम्सबीतल्या तिच्या चिमुकल्या घरी जेवायला यायची, पोटभर जेवायची आणि "वा ग्लेन, तुझ्या हाताला काय चव आहे!" असं म्हणून जायची. तेवढ्यावर बिचारी आठवडा काढायची! पण आज तिनं कुणाच्या ताटात काही वाढलंच नव्हतं.

क्लाइव्हनं घसा खाकरला. "आपण सादर केलेल्या अंतिम प्रकल्पातील बेचाळीस टक्के मजकूर... क्लाइव्ह ओडलिंग यांच्या 'बंदराकडची खिडकी' या पुस्तकाशी जुळत असल्याचे... वाङ्मयचौर्याच्या आरोपासंदर्भात गुरुवारी सकाळी अकरा वाजता समितीपुढे..."

त्यानं पत्र टेबलावर ठेवलं.

"अगं बाई!" फिलिपानं तोंडावर हात ठेवला. "ग्लेंडा, अहो, हे काय करून बसलात तुम्ही?"

"मी करून बसले?" ग्लेंडा हसली. पण ते हसू ऐकून क्लाइव्हनं मान खाली घातली. फिलिपाला काहीच कळलं नाही; तिला खरंच काही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते त्या दोघा भावंडांनाच. आणि गेली वीस वर्षं दोघांनीही त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं!

काय होतं ते? सांगते ना. असल्या गोष्टी पोटात ठेवून माणसाचं भलं होत नाही.

ग्लेंडा सतरा वर्षांची असताना तिला विद्यापीठात जागा मिळाली होती. इंग्रजी साहित्यासाठी. त्या गल्लीतली पहिली मुलगी! आणि त्याच उन्हाळ्यात आई गेली. वडील मासेमारीच्या बोटीवर, तीन-तीन आठवडे घराचं तोंड दिसायचं नाही. आणि घरात सात वर्षांचा क्लाइव्ह, आईचा स्वेटर उशीखाली घेऊन झोपणारा. ग्लेंडानं विद्यापीठाला नकार कळवला आणि दुसऱ्याच सोमवारी ती मासळीच्या कारखान्यात उभी राहिली. मासे कापायचे, काटे काढायचे, दिवसभर बर्फाच्या पाण्यात हात. चाळीस वर्षं! लग्नाचं विचारणारा एक भला माणूस आला होता. "आधी क्लाइव्हचं शिक्षण होऊ दे" म्हणून तिनं त्याला थांबवलं, आणि तोही बिचारा किती थांबणार?

क्लाइव्ह विद्यापीठात गेला. ग्लेंडा त्याला दर आठवड्याला पत्र लिहायची. पोराला घर आठवू नये... छे! घर आठवावं म्हणून! घरातलं सगळं ती त्याच्यासाठी कागदावर उतरवायची. बाबा समुद्रावरून येतात तेव्हा पहिले तीन दिवस घरातही पाय फाकवून चालतात, जमिनीवर अजून त्यांचा विश्वास बसलेला नसतो. आईच्या खुर्चीत कुणी बसत नाही, पण ती मला रोज पुसावी लागते, धूळ काही कुणी गेलंय म्हणून थांबत नाही. असं सगळं. तीन वर्षं, शंभरावर पत्रं.

दहा वर्षांनी क्लाइव्हचं पुस्तक आलं. काय गाजलं! आजूबाजूच्या शाळांत ते अभ्यासाला लागलं. प्रकाशन समारंभाला ग्लेंडा नवा कोट घालून पहिल्या रांगेत बसली होती. घरी येऊन तिनं पुस्तक उघडलं... आणि अकराव्या पानावर तिचे डोळे थबकले. आईची खुर्ची! बाबांची चाल! शब्दन् शब्द तिचा! आणि तिच्याबद्दल त्याच पानावर काय होतं? एक ओळ. "माझी बहीण कारखान्यात काम करी, पुस्तकांशी तिचा फारसा संबंध नव्हता."

त्या दिवशी ती किती वेळ ते पान धरून बसली होती, ते फक्त तिलाच ठाऊक. मग तिनं पुस्तक मिटलं आणि मनाची समजूत घातली... तो कुणी परका आहे का? माझ्याच अंगाखांद्यावर वाढलेला. त्याचं नाव झालं म्हणजे माझंच झालं. बाईमाणूस असंच मन मारतं आणि वर त्याला माया म्हणतं!

पण कारखाना सुटला, निवृत्ती आली, आणि ग्लेंडानं कुणाला न विचारता विद्यापीठात अर्ज भरला. 'सर्जनशील आणि व्यावसायिक लेखन.' नातवंडांच्या वयाच्या पोरापोरींत जाऊन बसली. जाहिरातीची ओळ कशी लिहावी, बातमी कशी कापावी, कथा कुठून सुरू करावी, सगळं शिकली. दोन बोटांनी टाइप करायची, पण वर्गात तिनं वाचायला घेतलं की पोरं मोबाइल खाली ठेवायची. शेवटच्या वर्षी मोठा प्रकल्प होता. तिच्या बाईंनी, रोवेना क्लेगनी सांगितलं, "जे फक्त तुम्हालाच ठाऊक आहे ते लिहा." ग्लेंडानं घर लिहिलं. लिहिता लिहिता जुनी वाक्यं आपल्या पायांनी चालत आली. ती तिनं ओळखली. पुसावीत असं क्षणभर वाटलंही. आणि मग ती स्वतःशीच म्हणाली, का पुसू? माझी आहेत!

एवढं मात्र खरं, की यंत्राचं तिच्या लक्षात आलं नाही. प्रत्येक लेख आधी संगणकातल्या एका यंत्राकडे जातो आणि ते जगभरच्या पुस्तकांशी तो ताडून बघतं, हे तिला सांगितलं होतं. पण आंतरजालावरून उतरवणाऱ्या पोरांसाठी ते असतं, अशी तिची समजूत. आपल्यासारखीनं त्याला कशाला भ्यायचं? आणि त्या मेल्या यंत्राला काय कळणार, आधी कुणी लिहिलं ते! त्याला दिसलं छापील पुस्तक आणि त्यावरचं नाव.

मंगळवारी दुपारी क्लाइव्ह एकटाच आला. कोटही न काढता स्वयंपाकघरात उभा राहिला.

"ग्लेन, मी विचार केलाय. तू कबुलीवर सही करून टाक. चुकून झालं म्हण. तुझ्या वयाकडे बघून ते पुन्हा लिहायची संधी देतील."

"आणि माझ्या नावापुढे 'चोर' असं लिहितील ते?"

"कोण बघतंय गं ते! तुला काय नोकरी शोधायचीय का?"

ग्लेंडानं किटली खाली ठेवली. "म्हणजे मला नोकरी नको, तर नावही नको? असं का?"

"तसं नाही म्हणत मी..."

"तसंच म्हणतोयस! क्लाइव्ह, माझी पत्रं दे. ती समितीपुढे ठेवते, विषय संपला."

तो खिडकीबाहेर बघू लागला. "ती... घर बदलताना गहाळ झाली. कधीच."

"मग तूच चल. खरं काय ते सांग."

"ग्लेन!" त्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "माझं काय होईल, कळतंय का तुला? ते पुस्तक शाळांत शिकवतात. वीस वर्षं त्या एका पुस्तकावर उभा आहे मी. त्यानंतर मला धड काही लिहिता आलं नाही, तुला माहीत आहे. ते गेलं तर मी कोण? तू आजवर माझ्यासाठी सगळं केलंस... एवढं एकदा. शेवटचं."

हे त्यानं बोलायला नको होतं. 'शेवटचं' हा शब्द ग्लेंडानं त्या घरात किती वेळा ऐकला होता! आणि दर वेळी तिच्या काळजाचं पाणी पाणी झालं होतं. आजही झालं. समोर सफेद केसांचा माणूस होता, पण तिला दिसत होता तो स्वेटर छातीशी धरलेला पोर... तिचा हात त्याच्या खांद्याकडे निघालासुद्धा. पण तिनं तो मागे घेतला.

"नाही," ती म्हणाली. "विद्यापीठ दिलं तुला. हात दिले, वय दिलं, आणि दिलं म्हणून कधी बोलून दाखवलं नाही. पण ही वाक्यं मी तुला दिली नव्हती, क्लाइव्ह. ती तू घेतलीस. मी सही करणार नाही. हाकलून दिलं तरी नाही!"

"मग मला बरबाद कर!"

"दार ओढून घे जाताना. थंडी आत येते."

तो गेल्यावर ती ओट्याला धरून रडली. पोटभर रडली. मग तोंड धुऊन तिनं मॅविसला फोन लावला.

मॅविस डाउस कारखान्यात तीस वर्षं ग्लेंडाच्या उजव्या हाताला उभी असायची. हाडकुळी, तोंडाळ, जिवाला जीव देणारी. समितीपुढे जाताना विद्यार्थ्याला एक सोबती नेता येतो, पण सोबत्यानं आत तोंड उघडायचं नाही असा नियम. गुरुवारी गाडीत ग्लेंडानं तिला चारदा बजावलं.

"बोलणार नाही गं बाई! थडग्यासारखी बसते बघ," मॅविस म्हणाली. "पण त्या तुझ्या भावड्याला मात्र एकदा माश्यासारखा सोलायची परवानगी दे मला."

खोलीत लांब टेबल. मधे अध्यक्ष, प्राध्यापक हॅलिवेल, सभ्य आणि थकलेले. एका बाजूला रोवेना क्लेग, डोळे सुजलेले. यंत्रानं लाल केलेला लेख त्यांनाच पुढे पाठवावा लागला होता. टेबलावर ग्लेंडाचा प्रकल्प, ओळींवर ओळी लालेलाल.

"मिस ओडलिंग," हॅलिवेल म्हणाले, "आमच्याकडे आपल्या बंधूंचं एक पत्र आलंय. आपल्या हिताचंच आहे. वाचतो." त्यांनी चष्मा लावला. "'माझ्या बहिणीनं माझं पुस्तक अनेकदा वाचलं आहे. त्यावरील प्रेमापोटी त्यातली वाक्यं तिच्या मनात रुजली असावीत आणि नकळत ती आपलीच आहेत असं तिला वाटू लागलं असावं. या वयात असं होतं. तिला समजून घ्यावं, ही विनंती.'"

या वयात असं होतं!

ग्लेंडाला वाटलं, छातीत कुणीतरी पातं फिरवलं. पुस्तकातल्या त्या ओळीनं तिला इतकं लागलं नव्हतं. तेव्हा त्यानं तिची वाक्यं घेतली होती. आता तो तिची शुद्धच घेऊ बघत होता, आणि तीही किती गोड शब्दांत! तिनं डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यात पाणी नव्हतं.

"साहेब, मी ते पुस्तक एकदाही पुरतं वाचलेलं नाही," ती म्हणाली. "अकराव्या पानापाशी मिटलं ते आजतागायत. पुढची वाक्यं मला माहीत आहेत, कारण ती माझी आहेत. तीस वर्षांपूर्वी माझ्या भावाला मी पत्रांत लिहिली. त्यानं ती पुस्तकात घातली. मी गप्प बसले, ती माझी चूक. पुरावा माझ्याकडे नाही. पत्राची नक्कल ठेवावी एवढी मी स्वतःला मोठी समजत नव्हते."

"पुराव्याशिवाय समितीला..."

"मग मला नापास करा! पदवी देऊ नका. पण नकळत झालं असं मी लिहून देणार नाही. एकेक शब्द कळून सवरून लिहिलाय मी. कापून कापून बधिर झालेल्या बोटांनी लिहिलाय!"

"बाइंडर लावलेल्या त्या प्रकल्पाचं पान सव्वीस काढा!" मॅविस ओरडली.

"सोबत्यानं बोलू नये अशी..."

"नियम घाला चुलीत! पान सव्वीस! त्यात म्हातारी बाई माश्यांशेजारी गरम पाण्याचा मग ठेवते, बोटं वळेनाशी झाली की त्यात बुडवते, आणि पाणी गार झालं की शेजारणीच्या मगात बोटं घालते. ह्याच्या पुस्तकातही आहे ना ते? आईच्या नावावर? अहो, ह्यांची आई जन्मात कारखान्यात आली नाही! शिवणकाम करायची ती! आणि ती शेजारीण मी आहे! माझ्या मगात बोटं घालायची ही भवानी, तीस वर्षं!"

रोवेना क्लेगनी पान सव्वीस उघडलं. हॅलिवेलनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे महत्त्वाचं आहे," ते हळूच म्हणाले, "पण आपण मैत्रीण आहात त्यांची. लेखक एक सांगतात, आपण दुसरं. नियमानं मला..."

दार वाजलं. कुणी "या" म्हणायच्या आतच उघडलं.

क्लाइव्ह! दाढी न केलेला, मफलर लोंबत असलेला. त्याच्यामागे फिलिपा, पांढरीफटक.

"ते पत्र परत द्या मला," तो म्हणाला. "माझं आहे ते. खोटं आहे."

"मिस्टर ओडलिंग, ही बैठक खाजगी आहे."

"दोनच मिनिटं." तो ग्लेंडाकडे बघत नव्हता. भिंतीकडे बघत बोलत होता. "दर गुरुवारी यायचं तिचं पत्र. मी खोलीतल्या मित्रांना वाचून दाखवायचो. सगळे म्हणायचे, अरे, तुझी बहीण लेखिका आहे का? आणि मी म्हणायचो, छे, ती मासे कापते. मग सगळे हसायचे. मीही हसायचो. पुस्तकातली चांगली वाक्यं तिची आहेत. सगळी. उरलेलं तेवढं माझं."

"आणि ती पत्रं?" हॅलिवेलनी विचारलं.

"गहाळ नाही झाली. जाळली मी. पुस्तक छापायला गेलं त्या सकाळी, मागच्या अंगणात. शेजारी ठेवून वाचलं की कळायचं ना... कोण लिहितंय आणि कोण उतरवतंय." आता त्यानं मान वळवली. "ग्लेन, परवा ते पत्र लिहिताना मला एक वाक्य जमेना. तुला वेडी ठरवायचं होतं, आणि मनात सगळी वाक्यं तुझीच येत होती. मी तरीही पाठवलं. एवढा नीच आहे मी!"

ग्लेंडा हात मांडीवर घट्ट धरून बसली होती.

"आपण हे लेखी द्याल?" हॅलिवेल म्हणाले. "याचे परिणाम आपल्याला ठाऊक असतील."

"कागद द्या."

त्यानं तिथंच, उभ्या उभ्या, लिहून दिलं. साधी चार वाक्यं. सही केली. ती चारच वाक्यं बहुधा त्याची स्वतःची होती. समितीनं पाच मिनिटं आपसांत बोलून आरोप मागे घेतला. हॅलिवेल खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी ग्लेंडाचा हात हातात घेतला. "आम्हाला क्षमा करा, मिस ओडलिंग." रोवेना क्लेग तर हुंदके देऊनच रडल्या.

बाहेर, लांबलचक बोळात, क्लाइव्ह भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडत होता. फिलिपा ग्लेंडापाशी आली.

"मला माहीत नव्हतं हो," ती म्हणाली. "शपथेवर सांगते. दर रविवारी तुमच्या हातचं जेवले मी, आणि..."

"तुम्हाला कुठून माहीत असणार! आम्ही दोघं एकमेकांशीच बोलत नव्हतो ते."

"आता तरी सोलू का ह्याला?" मॅविसनं विचारलं.

"नको. त्यानं स्वतःच सोलून घेतलंय."

ग्लेंडा भावासमोर जाऊन उभी राहिली. त्याचा मफलर एका बाजूला लोंबत होता. तिनं तो नीट केला. राग होता, भरपूर होता, पण हाताची सवय रागाला विचारत नाही.

"पुढच्या आवृत्तीवर तुझं नाव घालायला सांगतो," तो म्हणाला. "माझ्या वर. मोठ्या अक्षरात."

"नको. ते पुस्तक तुझ्यापाशीच राहू दे. मी माझं काढीन, त्यावर घालीन."

"मला माफ करशील, ग्लेन?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. सफेद केस, सुजलेले डोळे. आज पहिल्यांदाच तो तिला मोठा झालेला दिसला.

"करीन," ती म्हणाली. "पण आजच्या आज नाही. 'शेवटचं एकदा' म्हणून मागितलंस की लगेच देऊन टाकते, ती सवय मोडायचीय मला. ये रविवारी जेवायला. बटाटे तू सोलायचे."

तो रडता रडता हसला. किती वर्षांनी ती दोघं एकत्र हसली कुणास ठाऊक! मॅविसनं तेवढ्यात डोळ्यांना रुमाल लावला आणि सर्दी झाल्याची सबब सांगितली.

"चल, घरी सोडतो तुला," क्लाइव्ह म्हणाला.

"घरी? बाराला वर्ग आहे माझा! आज माझी पाळी आहे. नवं प्रकरण वाचायचंय."

"मग मी... बाहेर थांबू का? किती वेळ लागेल?"

"दोन तास."

"दोन तास?" त्यानं सवयीनं घड्याळाकडे बघितलं.

ग्लेंडानं बॅग खांद्याला लावली, कागद काढून हातात घेतले आणि वर्गाच्या दाराशी वळून उभी राहिली.

"या वर्गात येऊन बसायला मी चाळीस वर्षं थांबले, क्लाइव्ह. तू दोन तास थांब!"

ती आत गेली. दार तिनं मुद्दाम उघडंच ठेवलं, आणि बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.